मास्तरांना मी पहिल्या अंकातच का मारलं

मी एका माणसाला अठरा वेळा मारलं. क्षयाने चारदा, विष पाजून तीनदा, गोळी घालून दोनदा, साप चावून एकदा, विहिरीत पाडून एकदा. बाकीचे प्रकार आता आठवत नाहीत. सगळे मृत्यू परभणी जिल्ह्यात झाले, प्रत्येकाला दोन-तीनशे साक्षीदार होते आणि बहुतेक वेळा साक्षीदारांनी टाळ्या वाजवल्या. या कामगिरीबद्दल गेल्या हिवाळ्यात गावाने माझा सत्कार केला, शाल दिली आणि माझ्यावर एक स्मरणिकाही छापली. त्या स्मरणिकेत एक खोटी गोष्ट आहे. ती मीच सांगितलेली आहे, म्हणून दुरुस्तीही मीच केली पाहिजे.

मी दिवसा कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी नट. पुढे दिग्दर्शकही झालो, कारण दिग्दर्शक झालं की मुख्य भूमिका कोणाला द्यायची हा प्रश्न उरत नाही. आमची मंडळी हौशी होती. वर्षाला एक नाटक स्पर्धेसाठी आणि उरलेल्या वेळात जत्रेसाठी गावोगावी जाऊन नाटकं बसवून द्यायची, असा आमचा क्रम होता.

असंच एकदा राणीसावरगावकडच्या एका खेड्यात मला जत्रेचं नाटक बसवायला बोलावलं. तिथल्या भूमिका शेतजमिनीच्या हिशोबाने वाटलेल्या असत. ज्याचं रान मोठं, त्याचं पात्र मोठं. नाटकात थोरला भाऊ होता, तो अर्थातच पाटलाच्या मुलाला गेला. चार दिवस तालीम बरी चालली. पाचव्या दिवशी पाटलीणबाई तालमीला आल्या, खांबाला टेकून बसल्या आणि दुसऱ्या अंकात आपला मुलगा मरतो हे त्यांनी पाहिलं. त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या लेकाला मारायचं आसंल तर दुसऱ्या गावात न्या. इथं आमच्या डोळ्यादेखत न्हाई."

मी त्यांना समजावलं की हे खोटं मरण असतं. त्या म्हणाल्या की अंगारा लावायला खरा बुवा कशाला लागतो, खोट्याचाही लागू होतो. मग मी ती भूमिका घेऊन गावभर फिरलो. एकही आई मुलगा द्यायला तयार होईना. चुलते, मेहुणे, अगदी ज्यांचं घरात कोणी ऐकत नव्हतं असे म्हातारेसुद्धा नको म्हणाले. तेव्हा त्या गावच्या शाळेवर नुकतेच आलेले एक तरुण मास्तर पुढे झाले. मूळचे चुडाव्याचे, बौद्ध घरातले. ते मला म्हणाले, "मला मारा की. आमच्या घरात शकुन-अपशकुनाचं खातं छप्पन्न सालीच बंद झालंय."

मास्तर कसे मेले ते मी अजून विसरलो नाही. तोवर आमच्याकडे मरणारा नट छातीवर हात ठेवून तीनदा आईला हाक मारायचा आणि मग जमीन साफ आहे ना हे बघून पडायचा. मास्तरांनी पाणी मागितलं. दोन घोट घेतले. मग पेला खाली ठेवताना तो कलंडू नये म्हणून दोन बोटांनी धरला, सरळ केला, आणि बोटं पेल्यावर तशीच राहिली. एवढंच. बायकांकडून हुंदका आला. ज्यांना आपला मुलगा त्या जागी नको होता, त्या पाटलीणबाई पदराने डोळे पुसत होत्या.

त्या गावात एक रीत होती. नाटकात जो मरेल त्याला पडदा पडल्यावर पुन्हा लोकांसमोर उभा करायचा आणि सगळ्यांच्या देखत गुळाचा खडा खायला द्यायचा, म्हणजे मरण उतरतं. पाटलीणबाईंनीच खडा आणला. मी मनात म्हटलं, आता हे शकुन न मानणारे मास्तर काय करणार. मास्तरांनी गूळ खाल्ला, बोटं चाटली आणि विचारलं, "आणखी हाय का?" सगळा मांडव हसला. मी मात्र तेव्हाच थोडा धास्तावलो. ज्याच्या मरणाला लोक रडतात आणि जगण्याला हसतात, तो नट सोपा नसतो.

तरी मी त्यांना आमच्या परभणीच्या मंडळीत घेतलं. मी मोठ्या मनाचा होतो असं तेव्हा मला वाटायचं. मास्तरांची बदली चुडाव्याजवळच्या शाळेवर झाली होती. ते शाळा सुटली की गाडीने परभणीला येत, तालीम करत आणि रात्रीच्या पॅसेंजरने परत जात.

पहिल्या नाटकात मी त्यांना दुसऱ्या अंकाच्या शेवटी मारलं. चूक झाली. तिसऱ्या अंकात माझं मोठं भाषण होतं, पाठ करायला मला दोन महिने लागले होते. मी ते रंगात येऊन म्हणत असताना पहिल्या रांगेतला एक माणूस शेजाऱ्याला विचारत होता, "तो मेलेला परत येतोय का?" शेजारी म्हणाला की मेलेला कसा येईल. त्यावर पहिला माणूस चप्पल शोधू लागला.

पुढच्या नाटकात मी मास्तरांचं मरण दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आणलं. लोकांना विसरायला वेळ मिळावा हा हेतू. ते विसरले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्या अंकात आणलं. लेखक कुरकुरला की हा माणूस इतक्या लवकर मेला तर उरलेल्या नाटकात आम्ही भांडायचं कशावरून. मी त्याला सांगितलं, "मास्तरांना गाडी धरायची असते."

ते कारण मला इतकं आवडलं की मी ते कायमचं ठेवून घेतलं. मंडळीत कोणी विचारलं, गाडी. मास्तरांच्या बायकोने एकदा प्रयोगाला येऊन हे इतक्या लवकर का मेले असं विचारलं, तिलाही गाडी. वर मी असा चेहरा करायचो की जणू मास्तरांची सोय व्हावी म्हणून मी नाटकाचं वाटोळं करून घेतोय.

एकदा तर त्यांना गोळी घालून मारलं आणि गाडीची वेळ इतकी जवळ आली की ते रक्ताचा शर्ट तसाच घालून स्टेशनवर धावले. पूर्ण्याला रेल्वेच्या पोलिसाने त्यांना उतरवलं. शर्टावर हे काय म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, "मी मेलेला मानूस हाय साहेब, जाऊ द्या. सकाळी शाळा हाय." पोलिसाने शर्टाचा वास घेतला, कुंकू आणि एरंडेल ओळखलं आणि कोणी मारलं म्हणून चौकशी केली. मास्तरांनी माझं नाव सांगितलं. ही हकीकत मी पुढे प्रत्येक सत्कारात सांगत आलो. लोक खूप हसतात. त्या हसण्यात एक गोष्ट आपोआप पक्की होते, ती म्हणजे मास्तर गाडीसाठी लवकर मरायचे.

आता खरं काय घडलं ते लिहितो.

एका वर्षी तालमी सुरू व्हायच्या आधी मास्तर माझ्या कचेरीत आले. बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यांनी बशी पालथी घातली, सरळ केली आणि म्हणाले, "भाऊ, एकदा मला शेवटपर्यंत ठिवा. लहान पार्ट द्या, गडी द्या, पानी भरनारा द्या. पर पडदा पडताना मला उभं राहायचंय."

मी म्हटलं, "मग गाडीचं काय? राहणार कुठं?"

ते म्हणाले, "राहीन की कुठंबी."

आणि माझ्याकडे बघत राहिले. माझं घर त्या टपरीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. तीन खोल्या होत्या. समोरच्या खोलीत एक जास्तीची खाट होती, तिच्यावर माझे मेहुणे, भाचे, गावाकडून दवाखान्यात आलेले लोक, एकदा तर एसटी चुकलेला जिंतूरचा एक पूर्ण अनोळखी माणूस झोपून गेला होता. माझ्या तोंडून "माझ्याकडं राहा" एवढंच यायचं होतं. नटाला आपला संवाद कधी आहे हे कळतं. मला कळलं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो की बघू, काहीतरी करू.

त्या वर्षी मी त्यांना पडदा उघडल्यावर सातव्या मिनिटाला साप चाववला.

कोणी म्हणेल, घरात म्हातारी आई असेल, तिची अडचण असेल. मीही स्वतःला हेच सांगायचो. आई सोवळ्याची, बायको आईच्या धाकात, आपण काय करणार. मी स्वतः मात्र सुधारलेला होतो. मास्तरांच्या घरी चुडाव्याला मी तीनदा जेवलो होतो आणि जेवून आल्याचं चार लोकांत सांगितलंही होतं. माझ्या नाटकांतून माणूस सगळा एक आहे यावर मी मोठमोठी भाषणं करायचो. तिसऱ्या अंकात. मास्तर मेल्यावर.

आणखी एक आहे. स्पर्धेच्या एका प्रयोगानंतर एक परीक्षक आत आले. माझा हात हातात घेऊन त्यांनी अर्धवट हलवला आणि विचारलं, तो विहिरीत पडणारा नट कुठे आहे, मला त्याच्याशी बोलायचं आहे. मास्तर मागच्या बाजूला खोबरेल लावून रंग उतरवत होते. त्या रात्री गाडी दोन तास उशिरा होती आणि मला ते माहीत होतं. मी म्हणालो, "ते गेले, त्यांची गाडी असते." परीक्षक हळहळले आणि गेले. पाच मिनिटांनी मास्तर तोंड पुसत आले आणि कोणी आलं होतं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, लाइटवाला होता.

शेवटी शेवटी तर मी कळस केला. मास्तरांना पडदा उघडायच्या आधीच मारलं. रंगमंचावरच्या घरात भिंतीला हार घातलेला फोटो, तो मास्तरांचा. ते फोटोसाठी कपडे करून स्टुडिओत जाऊन बसले, कुरकुर केली नाही. प्रयोगात मी रडत रडत फोटोसमोर बोलत होतो आणि प्रेक्षक फोटोकडे बघत होते. मास्तरांनी कॅमेऱ्याकडे असं काही पाहून ठेवलं होतं की माझं एकही वाक्य त्यांना पटत नाहीये असं वाटायचं. लोक हसायला लागले. करुण नाटक होतं ते. त्यानंतर मास्तर आले नाहीत. मुलांच्या परीक्षा, शेती, अशी काही कारणं त्यांनी कळवली आणि मी ती आनंदाने खरी मानली.

मग ही स्मरणिका. सत्काराची जबाबदारी एका तरुण प्राध्यापकाने घेतली होती. त्याने छापण्याआधीचे कागद माझ्याकडे वाचायला पाठवले. छापील बारीक अक्षर आता माझ्या डोळ्यांना झेपत नाही म्हणून बायकोने मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या मुलाखतीत पूर्ण्याच्या पोलिसाची हकीकत होती आणि खाली माझं वाक्य होतं की मास्तर मोठे गुणी, पण गाडीमुळे ते स्वतःच छोट्या भूमिका मागून घ्यायचे, त्यांना मोठी हौस नव्हती.

बायको थांबली. चष्मा काढून तिने विचारलं, "आपल्याकडं का नाही राहायचे ते?"

मी म्हणालो की आईचं तुला माहीत आहे आणि तुझंही.

"माझं काय?" ती म्हणाली. "मला विचारलं होतं का कधी? आणि सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली. त्यानंतर ते किती वर्षं येत होते?"

मी हिशोब केला. नऊ वर्षं. नऊ वर्षं मी त्यांना माझ्या मेलेल्या आईच्या नावावर मारत होतो. बायकोने कागद माझ्या मांडीवर ठेवले आणि ती भाजी निवडायला गेली. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं, आणि ते विसरण्यातलं नव्हतं.

कागद मी दुरुस्त न करताच परत पाठवले. दोन दिवसांनी मी सकाळच्या गाडीने चुडाव्याला गेलो. जाताना एका वहीत मोठ्या अक्षरात सगळं लिहून नेलं होतं, कारण माझं पाठांतर आता भरवशाचं नाही. मास्तर अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पंचाहत्तरी ओलांडलेली, केस पांढरे, पाठ ताठ. जय भीम घातला, बाज टाकली, सुनेला चहा सांगितला. मी लगेच वाचायला सुरुवात केली, नाहीतर माझा धीर गेला असता. टपरीचा चहा, खाट, परीक्षक, आई, सगळं. ते शेंगा सोलत ऐकत होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, झालं.

"गाडीचं खोटं हाय हे मला पहिल्यापासून म्हाईत होतं," ते म्हणाले. "पर मला वाटायचं, भाऊ आपल्या ॲक्टिंगला भ्यायलाय. मानूस भिऊन मारतोय म्हनल्यावर आपल्यात काहीतरी हाय, आसं वाटायचं. चाळीस वर्षं मी त्याच्यावर काढली. आन् आता तुमी सांगायलाव की खाटेमुळं मारलं."

मी घाईघाईने म्हणालो, "भ्यालो पण होतो. दोन्ही होतं, मास्तर. खरंच भ्यालो होतो."

"मग ते आधी लिहा," ते म्हणाले. "खाट मागून येऊ द्या."

मी वहीत खूण केली. त्यांनी आणखी सूचना दिल्या. रडण्याच्या जागा चार आहेत, दोन कापा. वहीत सतरा वेळा मारलं असं होतं; सतरा नव्हे, फोटो धरून अठरा. परीक्षकांचं वाक्य पुन्हा सांगा. मी सांगितलं. त्यांनी ते आणखी एकदा सांगायला लावलं आणि शेंग हातात तशीच धरून ऐकलं. सून चहा घेऊन आली ती कप ठेवून आत गेली.

मी म्हणालो की हे सगळं सत्काराच्या दिवशी भर सभेत वाचणार आहे.

मास्तरांनी मान हलवली. "तुमी वाचलं तर लोक काय म्हनतील? किती मोठ्या मनाचा मानूस. टाळ्या परत तुमालाच. वही हिकडं द्या. मी वाचतो. तुमी खुर्चीत बसा."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून काही हिसकावून घेतल्याचं हे एकच उदाहरण.

सत्काराला सभागृह भरलं होतं. भाषणं झाली, शाल झाली. मग मास्तर आले, माझं मनोगत ते वाचतील असं जाहीर झालं. ते माईकपाशी गेले आणि गेले ते माझ्या चालीने. डावा हात पाठीमागे, मान किंचित वाकडी. पोहोचल्यावर त्यांनी घसा खाकरला, दोनदा, मी खाकरतो तसा, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा. सभागृह फुटलं. माझी नात पहिल्या रांगेत पोट धरून हसत होती. "मी एका माणसाला अठरा वेळा मारलं," मास्तर माझ्या आवाजात म्हणाले, आणि पुढची पंचवीस मिनिटं ते मी होते. माझा मोठेपणा, माझी भीती, तिसऱ्या अंकातलं भाषण, सगळं त्यांनी केलं. मी खुर्चीत बसून स्वतःला बघत होतो आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा ते चांगलं करत होते.

खाटेच्या जागी त्यांनी आवाज खाली आणला. वही बंद केली. "माझं घर तिथून दहा मिनिटांवर होतं," एवढं म्हणाले आणि थांबले. मागे कोणीतरी हसलं, मग गप्प झालं. पंखे ऐकू येत होते. माझी बायको खाली बघत होती. मला वाटलं, आता लोकांना कळलं. तेवढ्यात त्यांनी पुन्हा माझा घसा खाकरला, कारण वहीत तिथे मी कंसात 'घसा साफ करणे' असं लिहिलेलं होतं, आणि लोक पुन्हा हसू लागले. शेवटचं वाक्य वाचून ते सरळ उभे राहिले, माझी वाकडी मान सोडून, स्वतःच्या पाठीने. पडदा ओढणाऱ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. पडदा पडेपर्यंत ते हलले नाहीत. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पडद्यामागे माझ्या बायकोने त्यांना आज आमच्याकडेच राहा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "राहिलो असतो वहिनी, पर पोरगा गाडी घेऊन आलाय." तिने आग्रह केला नाही.

मग तो प्राध्यापक धावत आला. त्याने मास्तरांना नमस्कार केला आणि माझे दोन्ही हात धरले. "सर, काय प्रहसन बसवलंत! या वयात! स्वतःवर असं हसायला धाडस लागतं." त्याच्या मागून आणखी आठ-दहा जण आले. खाटेचा प्रसंग किती छान सुचला म्हणून कोणी माझी पाठ थोपटली. मी म्हणत होतो की ते सुचलेलं नाही, खरं आहे. ते अजूनच हसत होते. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात आलं की ज्येष्ठ दिग्दर्शकाने बसवलेल्या धमाल एकपात्रीने सोहळा रंगला. मास्तरांचं नाव बातमीत शेवटच्या ओळीत होतं.

मी मास्तरांना फोन केला. म्हणालो, पुन्हा तेच झालं. ते म्हणाले, "झालं तर झालं भाऊ. उभा तर होतो." मग म्हणाले, "पर खाट त्यांना खोटी वाटली, ते बरं न्हाई झालं. ते तुमीच बघा."

म्हणून हे लिहून ठेवतो आहे, कोणाच्या चालीत नाही, कोणाच्या आवाजात नाही. सत्काराच्या दिवशी जे झालं ते प्रहसन नव्हतं. मी ते बसवलं नव्हतं. मास्तरांनी गाडीसाठी छोट्या भूमिका कधीच मागितल्या नाहीत, एकदा लहान पण शेवटच्या पडद्यापर्यंतची भूमिका मागितली होती. परीक्षक त्यांनाच शोधत आले होते. खाट समोरच्या खोलीत, खिडकीखाली होती, आणि त्यांनी 'राहीन की कुठंबी' म्हटलं त्या आठवड्यात तिच्यावर कोणीही झोपत नव्हतं.